मानक निवडण्याआधी 'अंदाजे' कुठे लिहायचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: एका लहान संग्रहालयात सुमारे चार हजार वस्तू आहेत. चित्रं, शिल्पं, नाणी, वस्त्रं, थोडी जुनी छायाचित्रं. निम्मी माहिती हस्तलिखित ॲक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे संग्रहात आलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत, निम्मी एक्सेलमध्ये. कामाला माणसं दोन. आता सगळं नीट लावायचं आहे, तर डब्लिन कोअर, सीडीडब्ल्यूए, लिडो आणि सिडॉक सीआरएम यांपैकी कोणतं मेटाडेटा मानक, म्हणजे वस्तूंबद्दलची माहिती नोंदवायची ठरलेली पद्धत, निवडावं?

माझी वीसेक वर्षं संग्रहांच्या नोंदी करण्यात गेली, आणि हा प्रश्न नेहमी याच क्रमाने येतो: आधी मानकाचं नाव, मग सॉफ्टवेअर, आणि वस्तूबद्दल नक्की काय लिहायचं हे सगळ्यात शेवटी. माझं उत्तर उलट्या टोकाने सुरू होतं. पण आधी या नावांचा गुंता सोडवते, कारण ती एका जातीची नाहीतच. त्यांतलं एक निवडा म्हणणं म्हणजे तराजू, वजनं, पावतीपुस्तक आणि पोतं यांतलं एकच घेऊन दुकान चालवा म्हणण्यासारखं आहे.

पहिली जात रकान्यांची, म्हणजे नोंदीत काय काय असावं हे सांगणारी. सीडीडब्ल्यूए यातलं सर्वांत विस्तृत. १९९०च्या दशकात गेटी ही कलासंस्था आणि कॉलेज आर्ट असोसिएशन या अमेरिकेतल्या दोघांच्या पुढाकाराने ते तयार झालं आणि त्यात पाचशेहून अधिक वर्ग-उपवर्ग आहेत. आकडा ऐकून घाबरू नका. गाभ्याचे म्हणून खूण केलेले त्यातले थोडेच. व्हीआरए कोअर त्याच जातीचं, पण आटोपशीर. डब्लिन कोअरही इथलंच, फक्त ते कलावस्तूंसाठी बेतलेलं नाही. १९९५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या डब्लिन गावी जमलेल्या मंडळींनी इंटरनेटवरच्या दस्तऐवजांसाठी ते आखलं, घटक अवघे पंधरा. दुसरी जात रकाना कसा भरायचा याच्या नियमांची. इथे सीसीओ हा २००६चा ग्रंथ आहे. तिसरी शब्दांची: कला आणि वास्तुकलेच्या संज्ञांसाठी एएटी, कलाकारांच्या नावांसाठी युलान, स्थळांसाठी टीजीएन, चित्रातल्या विषयांसाठी आयकॉनक्लास. चौथी देवाणघेवाणीची. लिडो या जातीचं, पहिली आवृत्ती २०१०ची. आपल्या नोंदी दुसऱ्याच्या पोर्टलला द्यायच्या तर त्या कोणत्या एक्सएमएल, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या, साच्यात बांधायच्या, एवढंच ते सांगतं. सिडॉक सीआरएम या चारही जातींत बसत नाही. ते संकल्पनांचं प्रारूप आहे, २००६पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचं २११२७ क्रमांकाचं मानक. त्याच्याकडे पुढे येते.

थेट सल्ला हवा असेल तर हा घ्या. सीडीडब्ल्यूएच्या गाभ्यातून वीस-पंचवीस रकाने उचला. ते भरण्याचे नियम सीसीओवरून, पण आपल्या वस्तूंना लागू होतील तेवढेच, आपल्या भाषेत लिहून काढा. शब्दांना एएटीचे क्रमांक जोडा. लिडो कोणी नोंदी मागेल तेव्हा. सीआरएम यंदा नको.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हा सल्ला तंतोतंत पाळूनही फसलेले कॅटलॉग मी पाहिले आहेत, आणि त्यातला एक माझाच आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही जुनी नोंदवही संगणकावर चढवली. वहीत तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या एका चित्रापुढे, म्हणजे ठशापुढे, लिहिलं होतं, 'अंदाजे १८५०'. नव्या तक्त्यात साल हा अंकांचा रकाना होता. तो अक्षरं घेईना. भरणाऱ्याने 'अंदाजे' गाळलं आणि पुढे गेला. भरणारी मीच होते. काही वर्षांनी एका अभ्यासलेखात तो ठसा '१८५० साली छापलेला' म्हणून आला, आमच्या कॅटलॉगचा हवाला देऊन. आता ते साल छापील आधारासह फिरतं आहे, आणि त्याच्यामागे काय होतं, तर वहीत कुणीतरी कधीतरी केलेला एक अंदाज. रकाने सगळे प्रमाणित होते. चूक मानकात नव्हती. आम्ही 'अंदाजे'ला राहायला जागाच ठेवली नव्हती.

म्हणून माझ्या लेखी कलावस्तूच्या नोंदीचा कस एकाच ठिकाणी लागतो: डोळ्यांना दिसतं ते आणि आपण त्यावरून ठरवतो ते, ही दोन वेगळी राहतात का. पुस्तकाचं बरं असतं. नाव, लेखक, प्रकाशनवर्ष ते स्वतःच आपल्या पानावर सांगतं. कलावस्तू बहुधा गप्प असते. तिच्याबद्दलचं बरंचसं आपणच म्हणतो.

तारखेपासून सुरू करू. सीडीडब्ल्यूए आणि सीसीओ दोघांनीही इथे दुहेरी सोय सांगितली आहे: एक रकाना माणसाने वाचायचा, दोन रकाने यंत्राने शोधायचे. वाचायच्या रकान्यात 'अंदाजे १८३१' किंवा '१९व्या शतकाचा उत्तरार्ध' असं मोकळेपणाने लिहा. शोधायच्या रकान्यांत सर्वांत आधीचं आणि सर्वांत नंतरचं शक्य वर्ष, निव्वळ आकड्यांत. हे दोन आकडे वाचकाला दाखवायचे नसतात. '१८२६ ते १८३६' असं पडद्यावर आलं की लोकांना वाटतं चित्राला दहा वर्षं लागली. 'अंदाजे' म्हणजे किती वर्षांची ढील हे मात्र ठरवून लिहून ठेवा. आम्ही अलीकडच्या काळासाठी दोन्हीकडे पाच वर्षं आणि प्राचीन वस्तूंसाठी शंभर धरतो. तुमचा आकडा वेगळा असला तरी हरकत नाही, दोघांचा एकच असला म्हणजे झालं.

इसवी सनापूर्वीच्या तारखांत एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. सीडीडब्ल्यूएच्या पद्धतीत इ. स. पू. २०० म्हणजे उणे २००. पण आयएसओ ८६०१ या तारखांच्या मानकात शून्य वर्ष असतं, आणि ते म्हणजे इ. स. पू. १. त्यामुळे तिथे इ. स. पू. २०० हे उणे १९९ होतं. वापरा कोणतंही, पण कोणतं वापरलं ते पहिल्या पानावर लिहा. याच मानकाच्या २०१९च्या दुसऱ्या भागात ईडीटीएफ ही पद्धत आली आहे. तीत वर्षापुढे टिल्ड (~) लावली की 'अंदाजे', प्रश्नचिन्ह लावलं की 'शंकास्पद'. आम्हाला तेव्हा हे हवं होतं.

आता कर्ता. कात्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट घ्या. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतला, साधारण १८३१चा लाकूडठसा. त्यावर सही आहे, तिचा अर्थ 'होकुसाई, आता इइत्सु' असा होतो. या माणसाने आयुष्यभर नावं बदलली. नोंद करताना सहीत जे दिसतं ते जसंच्या तसं वस्तूवरच्या मजकुराच्या रकान्यात, आणि कर्त्याच्या रकान्यात युलानमधलं प्रमाण नाव. सही वाचून सरळ 'कर्ता: इइत्सु' लिहिणारा अप्रामाणिक नसतो, पण शोधणाऱ्याला होकुसाई म्हणून ती वस्तू मिळत नाही. उलट, सही न उतरवता फक्त 'होकुसाई' लिहिलं तर आपण कशावरून म्हणतोय हेच पुसलं गेलं. शिवाय हा ठसा आहे. तुमच्या हातातली प्रत ही अनेक प्रतींपैकी एक, आणि ती त्याच वर्षी छापली गेली असेल असं नाही. रचनेचं वर्ष एक, छपाईचं दुसरं. एकाच रकान्यात दोन्ही कोंबू नका.

सही नसेल तेव्हा खरी परीक्षा. बर्लिनमधलं 'सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस' हे चित्र कित्येक दशकं रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं म्हणून मिरवलं गेलं. १९८०च्या दशकातल्या तपासणीनंतर ते त्याच्या वर्तुळातल्या कुणाचं तरी मानलं जातं. अशा वेळी जुनं नाव खोडून नवं लिहिलं की नोंद दिसायला स्वच्छ होते आणि उपयोगातून जाते. कारण जुन्या पुस्तकांत, लिलावांच्या याद्यांत, विम्याच्या कागदांत ते चित्र रेम्ब्रांट म्हणूनच आहे. दोन्ही मतं ठेवा. प्रत्येकापुढे कोण म्हणतं, कधी म्हणालं, कशावरून म्हणालं. सीसीओ कर्त्याच्या नावाला विशेषण जोडायला सांगतं. त्यांची मराठी यादी आम्ही अशी केली: 'यांची मानली जाणारी', 'यांच्या कार्यशाळेतील', 'यांच्या वर्तुळातील', 'यांच्या अनुयायाची', 'यांच्या शैलीत', 'यांच्या मूळ कृतीवरून'. कार्यशाळा म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली, वर्तुळ म्हणजे समकालीन आणि ओळखीतला, अनुयायी नंतरचाही असू शकतो. यादीला या व्याख्या जोडा, नाहीतर प्रत्येक जण कानाला बरं वाटेल ते निवडतो. आणि कर्ता माहीत नसेल तर नुसतं 'अज्ञात' लिहून सुटू नका. 'अज्ञात, इटालियन' म्हटलं तरी शोधणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं.

शीर्षकांचंही तेच. रेम्ब्रांटच्या १६४२च्या त्या मोठ्या चित्राला जग 'रात्रीचा पहारा' म्हणतं, पण हे नाव त्याचं नाही. ते नंतर चिकटलं, आणि प्रसंग मुळात रात्रीचा नाही. तेव्हा शीर्षकाच्या शेजारी त्याचा प्रकार लिहायला रकाना हवा: कलाकाराने दिलेलं, वस्तूवर कोरलेलं, लोकांत रूढ, की आपण नोंदीसाठी रचलेलं. तुमच्या संग्रहात बहुतेक शीर्षकं शेवटच्या प्रकारची असणार. त्यात लाज नाही, ते सांगितलं म्हणजे पुरे. याच चित्राच्या कडा १७१५ साली नव्या जागेत बसावं म्हणून कापल्या गेल्या. म्हणजे आजचं माप अचूक घेतलं तरी ते मूळ चित्राचं माप नव्हे. मापाच्या रकान्याशेजारी 'कशाचं माप' हा रकाना ठेवला तर ही भानगड दोन शब्दांत मिटते: चौकटीसह की चौकटीविना, कागदाचं की छापील भागाचं. क्रम नेहमी उंची, रुंदी, खोली. आकडा आणि एकक वेगळ्या रकान्यांत.

आता तुमच्या जुन्या छायाचित्रांकडे येते, कारण सर्वांत घाणेरडा गोंधळ तिथे होतो. एका संग्रहात मी 'कांस्य' शोधलं तर निम्मे निकाल छायाचित्रांचे आले. शिल्पाचा फोटो होता, भरणाऱ्याने माध्यम 'कांस्य' लिहिलं, कर्ता म्हणून छायाचित्रकार, वर्ष फोटोचं. तीन रकान्यांत दोन वस्तूंचं मिश्रण. व्हीआरए कोअर यासाठीच कृती आणि प्रतिमा या दोन वेगळ्या नोंदी करायला लावतं. डब्लिन कोअरवाल्यांतही एका नोंदीत एकच वस्तू असा दंडक आहे, पण तो पाळला जाताना फारसा दिसत नाही.

याचं सर्वांत झणझणीत उदाहरण म्हणजे मार्सेल द्युशाँ या कलाकाराचं 'फाउंटन', कलाकृती म्हणून मांडलेलं मुतारीचं भांडं. १९१७ची मूळ वस्तू हरवली. तिचा त्या वेळचा फोटो आल्फ्रेड स्टिग्लिट्झने काढलेला. आज संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या बऱ्याच प्रतिकृती १९६४ साली द्युशाँच्या संमतीने बनलेल्या. मग तुमच्याकडे स्टिग्लिट्झच्या फोटोची प्रत असेल तर कर्ता कोण? स्टिग्लिट्झ. विषय? 'फाउंटन'. १९६४ची प्रतिकृती असेल तर निर्मितीचं वर्ष १९६४, आणि 'यावर आधारित' या नात्याने १९१७च्या हरवलेल्या वस्तूच्या नोंदीशी जोडणी. जी वस्तू जगात नाही तिचीही नोंद करायची? हो. नात्याला दुसरं टोक लागतं.

इथे सीआरएम समजून घेण्याजोगं आहे, वापरलं नाही तरी. ते वस्तूला थेट वर्ष किंवा कर्ता चिकटवतच नाही. मध्ये एक घटना घालतं. वस्तू एका निर्मितीतून आली. ती निर्मिती अमक्याने केली, तमक्या काळात, अमक्या ठिकाणी. आधी हे उगाच वळण घेतल्यासारखं वाटतं. पण शंका बहुधा वस्तूबद्दल नसतेच, घटनेबद्दल असते. शिल्प समोर आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुणी आणि कधी घडवलं याचा. ओतकाम एकाचं, चकाकी दुसऱ्याची, दुरुस्ती शंभर वर्षांनी तिसऱ्याची असेल तर तीन घटना, तीन काळ, गोंधळ नाही. लिडोनेही हीच घटनांची रीत उचलली. तुमच्या एक्सेलमध्ये निर्मिती, दुरुस्ती आणि वस्तू संग्रहात येणं यांसाठी वेगळी पानं ठेवून वस्तूच्या क्रमांकाने जोडलीत, तर पुढे लिडोत किंवा सीआरएमवर बेतलेल्या लिंक्ड आर्टमध्ये जाताना रडावं लागणार नाही.

शब्दांबद्दल आपल्या भाषेची एक गंमत सांगते. 'तैलचित्र' हा किती सोयीचा शब्द, पण त्यात दोन रकाने लपलेत: वस्तूचा प्रकार चित्र, माध्यम तैलरंग. मानकं दोन्ही वेगळं मागतात. 'मूर्ती' आणि 'शिल्प' यांचंही असंच. एक शब्द पूजेच्या संदर्भातून येतो, दुसरा घडणीतून, आणि दोन माणसं एकाच वस्तूला दोन्ही लावतात. दोन्ही शब्द राहू द्या, पण कुठला कोणत्या रकान्यात ते ठरवा. एएटीत मराठी नाही म्हणून अडू नका. तिथे प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो. चित्रं या संकल्पनेचा ३०००३३६१८. आपल्या यादीत 'चित्र' या शब्दापुढे तो क्रमांक लिहिला की शब्द मराठी राहतो आणि जोडणी जगाशी होते. हा शब्दसंग्रह २०१४पासून लिंक्ड ओपन डेटा, म्हणजे इतरांच्या नोंदींशी जोडता येणारा डेटा, म्हणून खुला आहे, पैसे पडत नाहीत. आणि एखादी वस्तू तिथे कुठेच बसत नसेल तर जवळचा चुकीचा क्रमांक लावू नका. स्थानिक शब्द ठेवा, वरच्या व्यापक संकल्पनेला जोडा.

देवनागरीत भरणार असाल तर तीन गोष्टी आजच बघा. जुन्या फाइलींत युनिकोडपूर्व फॉन्ट आहेत का, म्हणजे फॉन्ट बदलला की मजकूर वाचता येत नाही असे. असतील तर बाकी सगळं थांबवून आधी रूपांतर. अंक एकाच लिपीत आहेत का. एकाने देवनागरी आणि दुसऱ्याने रोमन अंकांत साल लिहिलं की क्रम लावताना यादी दुभंगते. आणि 'ॲ', 'र्‍य' यांसारखी अक्षरं वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळ्या सांकेतिक क्रमाने येतात. पडद्यावर सारखी, शोधताना वेगळी.

विषयवर्णनाबद्दल फार बोलत नाही, त्यात वर्षं जातात. सीडीडब्ल्यूए तीन पायऱ्या सांगतं: काय दिसतं, ते कोण किंवा कोणता प्रसंग, आणि त्याचा अर्थ काय. पहिल्या दोन भरा. तिसरी अभ्यासकांना सोडा. आयकॉनक्लास युरोपीय चित्रांसाठी उत्तम, कारण ते नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात हेन्री व्हान द वाल यांनी त्याच परंपरेसमोर बसून रचलं. दहा मुख्य विभागांपैकी एक अख्खा बायबलला आणि एक ग्रीक-रोमन पुराणांना दिलाय. तुमच्या वस्तू त्या परंपरेबाहेरच्या असतील तर बऱ्याचदा 'धर्म' या विभागाच्या एका कोपऱ्यात गर्दी होईल.

मग सुरुवात कुठून? ऑब्जेक्ट आयडीपासून. चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून १९९७ साली जाहीर झालेली ही छोटी यादी: फोटो, वस्तूचा प्रकार, माध्यम आणि तंत्र, मापं, लेख आणि खुणा, वेगळेपण दाखवणारे तडे-डाग-दुरुस्त्या, शीर्षक, विषय, काळ, कर्ता. शिवाय चार ओळींचं वर्णन. मला ती आवडते, कारण तिचा भर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आहे. चार हजार वस्तूंची अशी पहिली फेरी दोन माणसांना जमण्यासारखी आहे. मतं दुसऱ्या फेरीत. वस्तू आत येणं, जागा बदलणं, उसनी जाणं या कामांसाठी ब्रिटनच्या कलेक्शन्स ट्रस्टचं स्पेक्ट्रम बघा, तो वेगळा विषय आहे. फक्त ठेवण्याच्या जागेचा रकाना चुकूनही इंटरनेटवर जाऊ देऊ नका.

रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ होतात: माहीत नाही, लागू नाही, अजून पाहिलं नाही. तिन्हींसाठी तीन ठरलेले शब्द ठेवा आणि रकाना कोरा सोडायला बंदी करा. वर्षभराने कामाचा हिशेब याच शब्दांतून निघतो.

सॉफ्टवेअर घेण्याआधी एक करा. एकमेकींशी शक्य तितकं न जुळणाऱ्या पन्नास वस्तू काढा. दोघांनी त्या एकमेकांचं न बघता भरा, मग ओळीने ताडून पाहा. जिथे उत्तरं वेगळी, तिथे नियम लिहायचा. आमच्याकडे पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त भांडण उंचीवर झालं, शिल्पाची बैठक धरायची की नाही यावर. तो नियम आज अडीच ओळींचा आहे. लिहायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत एकही नोंद झाली नाही.